गुठळी

“सर, तुम्हाला वस्तू मोडायचा पगार मिळतो का हो?”

विचारलं. विचारून टाकलं! माझाच आवाज समोरच्या लोखंडी कपाटावर आपटून माझ्याकडे परत आला आणि मग कारखान्याच्या त्या लांबट खोलीत छतावरचा पंखा करकरतोय हे सगळ्या वर्गाला एकदमच कळलं. वैष्णवीने तोंडात रुमाल कोंबला. आमच्या विज्ञानाच्या गुजर बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुसरंच कुणीतरी माझा गणवेश घालून आलंय. खरं म्हणजे त्यांचं चुकलं नव्हतं. आठवीत बारामतीला आल्यापासून मी वर्गात आपण होऊन बोललेच नव्हते. पहिल्याच आठवड्यात हजेरीला गावच्या सवयीने “हाय, बाई” म्हणाले होते, तेव्हा चाळीस मुली हसल्या होत्या, आणि त्या दिवसापासून मी नुसता हात वर करत होते. त्यावरूनच तर आज सकाळी पैज लागली. एमआयडीसीत सहल म्हणून दोन-दोनच्या ओळीने चालत येताना वैष्णवी म्हणाली, “म्हाळू, तिथे आम्ही सांगू तो प्रश्न तू विचारायचा. मोठ्याने. विचारलास तर दोन प्लेट भेळ. नाही विचारलास तर दहावी संपेपर्यंत तुझं नाव मुकी.” नाव तसंही पडलेलंच होतं, त्याची भीती नव्हती. भेळेचाही मोह नव्हता. पण ओळ दूधडेअरीपुढून चालली होती, तिथे माझे आप्पा कामाला आहेत. फाटकाशी त्यांची एम-एटी गाडी उभी दिसली आणि मला कसं कोण जाणे, पण वाटलं, आत आप्पा आहेत, बाहेर मी आहे, आणि मी काय बोलले ते आज त्यांना कळणार नाही. त्या एका विचाराने अंगात काहीतरी सैल झालं.

रणवरे सर, म्हणजे कारखान्यातले ते साहेब, हसले नाहीत. हातातली काळी पट्टी टेबलावर ठेवून त्यांनी जरा विचार केला. “मिळतो की,” ते म्हणाले. “आणि नीट मोडता आली नाही तर बोलणीही मिळतात. नाव काय तुझं? म्हाळसा? ये पुढं. तूच मोड.”

पट्ट्या मोडायचं यंत्र माझ्याहून दीडपट उंच होतं. दोन खांब, मध्ये वरखाली दोन जबडे, आणि बाजूला आमच्या गावच्या देवळातल्या घड्याळाएवढी मोठी तबकडी. तिच्यावर दोन काटे, एक काळा आणि एक लाल. सर सांगत होते आणि मी ऐकत होते, म्हणजे कान ऐकत होते. या कारखान्यात बुश बनतात. बुश म्हणजे फिरत्या दांड्याच्या भोवती बसवायची कडी. उसाचा रस खेचणाऱ्या पंपात ग्रीस घालता येत नाही, म्हणून ग्रीसशिवाय फिरणारं बुश करायचं. त्यासाठी इपॉक्सी नावाची राळ घ्यायची, दोन डब्यांतली दोन औषधं मिसळली की दगडासारखी घट्ट होणारी, आणि तिच्यात ग्रॅफाइटची पूड घालायची. ग्रॅफाइट म्हणजे आपल्या पेन्सिलीतलं शिस. शिस निसटतं, घसरतं, म्हणून बुश गुळगुळीत फिरतं. भीमाअण्णा म्हणून एक पिकल्या मिशांचे कामगार होते, त्यांनी त्याच मिश्रणाची ती काळी पट्टी जबड्यांत धरली आणि माझा हात चाकावर ठेवला. “दमानं फिरव, बाई,” ते म्हणाले.

बाई! हा शब्द आप्पांचा. रोज संध्याकाळी डेअरीतून आले की दारातच चपला काढत ते विचारतात, “काय बाई, आज काय शिकवलंत?” मास्तरीणबाईतली बाई. आमचं ठरलेलं आहे, म्हणजे आप्पांचं ठरलेलं आहे आणि मी कधी नाही म्हटलेलं नाही. दहावी झाली की इंदापूरला तात्याबा चुलत्यांकडे राहून आर्ट्‌सला अकरावी-बारावी, मग डी.एड., मग जिल्हा परिषदेची शाळा. आप्पा लहानपणी आज्याबरोबर मेंढरांमागे कोकणापर्यंत चालत गेलेले. वाटेत एका गावी शाळेच्या खिडकीबाहेर उभं राहून त्यांनी पाढे ऐकले होते. आत मास्तर होते आणि मास्तरांचे पाय कोरडे होते. हे ते इतक्या वेळा सांगतात की त्या मास्तरांचे पाय मलाही दिसतात, स्वच्छ, नखं कापलेले. “आपल्या म्हाळसेचं पाय कोरडं ऱ्हायलं पायजेत,” एवढंच त्यांचं मागणं. त्याला नाही कसं म्हणायचं? कुणी मारत नव्हतं, कोंडत नव्हतं. नुसतं एक प्रेमाने ठरवलेलं होतं, आणि मी त्यात हळूहळू घट्ट होत चालले होते.

चाक फिरत होतं. काळा काटा चढत होता आणि लाल काट्याला पुढे ढकलत नेत होता. ऐंशी. शंभर. तळहाताला काहीच जाणवत नव्हतं, समोरची पट्टी जशीच्या तशी, सरळ, काळी, गप्प. मला वाटलं, हिला काहीतरी होतंय आणि कुणाला दिसत नाहीये. एकशे दहा. एकशे वीस.

टक्.

काळा काटा झपकन शून्यावर आला. लाल तिथेच, एकशे बावीस किलोवर राहिला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र जागच्या जागी उभी. कारण तो आवाज मला माहीत होता. पोटात, मणक्यात, सगळीकडे माहीत होता. कुठला, ते मात्र आठवत नव्हतं.

सर म्हणाले, “हीच आमची गोम आहे. शंभर भाग राळेला चार भाग पूड घातली की पट्टी एकशे नव्वदला मोडते. बळकट. पण बुश नीट फिरायला आठ भाग पूड लागते, आणि आठ घातली की एकशे वीस. गिऱ्हाइकाला किमान एकशे ऐंशी पाहिजे.” मग त्यांनी घासूनपुसून आरसा केलेला एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि म्हणाले, आतलं बघा. पहिली मी, कारण मी तिथेच होते.

डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम रात्रीसारखं काळं रान, ती राळ, आणि तिच्यात विखुरलेली चमकदार करडी कुसळं, ते शिस. गंमत म्हणजे काळं शिस आत करडं दिसतं, चमकतं! मी तुकडा सरकवत गेले. कुसळं, कुसळं, रान, कुसळं. आणि मग एका जागी कुसळांचा हा एवढा पुंजका, एकमेकांत घुसलेला, मध्ये राळ पोचलेलीच नाही. थोडं पुढे आणखी एक. मोडलेल्या कडेशी तर भेग नेमकी एका पुंजक्यातूनच निघाली होती, घरातून बाहेर पडावं तशी. आणि माझ्या पाठीला, उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली, एक गाठ टोचली.

खरंच टोचली. मी उभी होते, पाठीमागे काही नव्हतं, तरी टोचली. ती गाठ आमच्या घोंगडीची. बारामतीच्या दोन खोल्यांत मी जिच्यावर झोपते तिला सतरा गाठी आहेत, आणि अंधारात कूस बदलताना कुठली कुठे आहे ते माझ्या पाठीला पाठ आहे. त्या गाठी माझ्याच. चौथीत होते मी. गावाला आमच्या सपरात आईचा माग होता. लोकरीचा ताणा, म्हणजे उभे धागे, बाहेर अंगणात ताणून त्याला चिंचोक्याची खळ लावायची, म्हणजे धागा ताठ होतो, मागावर तुटत नाही. चिंचोके भाजून, टरफलं काढून, दळून त्याचं पीठ व्हायचं. त्या दिवशी आधण उकळत होतं, आई विहिरीवर गेलेली, आणि मला वाटलं, ती यायच्या आत खळ करून ठेवावी, चकित होईल. सगळं पीठ ओतलं आधणात. ढवळ ढवळ ढवळलं. वरून इतकी सुंदर दिसत होती खळ, साईसारखी! आई आली, खूश झाली, डोक्यावरून हात फिरवला तिने. कुंच्याने ताण्याला लावली. दोन दिवसांनी मागावर बसली, आणि टक्. धागा तुटला. गाठ मारली, पुढे गेली. टक्. जिथे जिथे खळीची गुठळी वाळून बसली होती, तिथे तिथे धागा कडक होऊन मोडत होता. मी उंबऱ्यावर बसून मोजत होते. भिगवणच्या गिऱ्हाइकाने ती घोंगडी उलटीपालटी केली आणि परत दिली. आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, “वरनं ढवळून गुठळी फुटत न्हाय, म्हाळसे. पीठ आदी गार पान्यात पातळ भिजवायचं, बोटांनी चोळायचं, सुटं झालं की मग आधणात.” आणि आप्पा म्हणाले, “हिला मागापाशी नगं बसवू. हिची शाळा बरी.” ते हसत म्हणाले होते. पण नऊ वर्षांच्या पोरीला ते हसणं कुठलं कळायला? मला वाटलं, माझे हात काम बिघडवतात म्हणून मला पुस्तकांत ठेवताहेत. तेव्हापासून मी हात मागे घेतले. मग माग मोडला, आम्ही इथे आलो, कुंचा माळ्यावर गेला. मी गप्प बसून नव्वद टक्के मिळवायला लागले. सगळे म्हणायचे, किती शहाणी मुलगी!

“सर, ह्यात गुठळ्या हायत!”

हाय म्हटलं. मोठ्याने म्हटलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि काय सांगू, ते हसणं माझ्यापर्यंत आलंच नाही. वाटेत कुठेतरी पडलं.

“आहेत,” सर म्हणाले. “दिसतात मला. म्हणून तर दोन महिने ढवळायचा वेळ वाढवतोय. आता तासभर ढवळतो.”

“तासभर ढवळा न्हाय तर दिवसभर. वरनं ढवळून फुटायच्या न्हाईत. राळ घट्ट हाय, सर. घट्टात कोरडी पूड टाकली की ती स्वतःलाच धरून बसती. आदी कशाततरी पातळात भिजवा. चोळा. सुटी झाली की मग राळेत.”

“पाण्यात? पाणी राहिलं तर राळ बिघडेल.”

“मग पाणी नको. उडून जाईल असलं कायतरी.” मी वर्गाकडे वळले, जसं काही मीच शिकवतेय. “वैष्णवी, तू नखांचा रंग काढायला लावतेस ते काय असतं?”

“गप ना म्हाळू!” वैष्णवी किंचाळली, कारण शाळेत रंग लावायला बंदी आणि बाई समोर. सगळा वर्ग फुटला. पण सर हसत नव्हते. ते भीमाअण्णांकडे बघत होते आणि भीमाअण्णा मिशीला हात लावून छताकडे.

“ॲसिटोन,” सर सावकाश म्हणाले. मग म्हणाले, “हे पुस्तकात आहे, बरं का. माझ्या कपाटात आहे ते पुस्तक. दोन महिन्यांत मी ते उघडलं नाही. तू कुठं वाचलंस?”

“वाचलं न्हाय. आईनं सांगितलं. खळीचं.”

सरांनी वहीत लिहून घेतलं. खळ. मी बघितलं ना! निळ्या शाईने लिहिलं, आणि खाली रेघ मारली. म्हणाले, पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर ये, पट्ट्या तयार ठेवतो, तूच मोड.

तो आठवडा! सबंध आठवडा मी बारामतीची मोडतोड बघत फिरले. खडू मोडला की कड बघायची, भाकरी मोडली की पदर बघायचे, फुटलेली बांगडी, तडकलेली कुंडी, नळाचा गंजका तुकडा. माळेगावच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाडीचा कणा मोडून पडला होता, गाडीवान कपाळाला हात लावून बसला होता, आणि मी सायकल लावून त्या मोडक्या लोखंडाशी उकिडवी. एका बाजूला जुना काळपट डाग, बाकी ताजी करडी रवाळ चमक. म्हणजे भेग आधीपासून होती! किती दिवस ती गाडी आतल्या भेगेवर ऊस वाहत होती, आणि कुणाला माहीत नव्हतं. “काय गं, तुजं काय हरावलंय का हितं?” गाडीवानाने विचारलं. मी म्हटलं, “न्हाय मामा, सापडलंय.” घरी यायचे, आप्पा विचारायचे, “काय बाई, आज काय शिकवलंत?” आणि जिभेवर आलेलं मी गिळायचे. भीती सरांची नव्हती, यंत्राची नव्हती. त्या कोरड्या पायांच्या मास्तरांची होती. आप्पांनी ते पाय तीस वर्षं जपले होते. ते मी मोडायचे? आणि समजा मोडले आणि शनिवारी पट्टी पुन्हा एकशे वीसलाच तुटली, तर? मग मी कोण? पुन्हा आधणात पीठ ओतणारी पोर. कूस बदलायची, गाठ टोचायची. गंमत म्हणजे आता त्या टोचल्या की बरं वाटायचं.

शनिवारी वैष्णवी बरोबर आली. “तुझ्यामुळे बाईंनी माझी नखं बघितली, आता भेळ तू द्यायची,” म्हणत, पण आली. टेबलावर पाच पट्ट्या, आठ भाग पूड आधी ॲसिटोनमध्ये भिजवून केलेल्या, पाठीवर खडूने आकडे घातलेल्या. पहिली भीमाअण्णांनी लावली, चाक मी धरलं. शंभर. एकशे दहा. एकशे वीस. हात घामाने निसटायला लागले. एकशे तीस, एकशे चाळीस, आणि टक्. काटा पडला. लाल एकशे बेचाळीसवर. वैष्णवीने माझी वेणी मागून घट्ट धरली, तिला वाटलं मी पडेन. सरांनी मोडलेली कड भिंगाखाली धरली. “हवेचा बुडबुडा,” ते म्हणाले. “बघ. गुठळी नाही. ओतताना माझ्याकडून राहिला. दुसरी लाव, अण्णा.”

दुसरी. एकशे वीसची जागा गेली. एकशे चाळीस गेली. एकशे साठ. आता मात्र मला काहीतरी कळायला लागलं, हाताला नाही, आत कुठेतरी. ही पट्टी गप्प आहे, पण मुकी नाही. तिच्यात प्रत्येक कुसळ सुटं आहे आणि प्रत्येक कुसळाला राळेने धरलंय, सगळी मिळून ओढ वाटून घेताहेत, एकावर एक चढून बसलेली नाहीत. मी दोन वर्षं स्वतःलाच धरून बसले होते. एकशे सत्तर. खिडकीबाहेर कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा झाला, पाळी सुटली, मोटारसायकली सुरू झाल्या, त्यांत आप्पांची एम-एटीही असेल. एकशे ऐंशी! वैष्णवी ओरडली. मी ओरडले नाही. चाक फिरवत राहिले, दमानं, अण्णांनी सांगितलं होतं तसं, आणि लाल काटा पुढे, पुढे.

टक्.

एकशे सत्त्याऐंशी. पुढची एकशे ब्याऐंशी, तिच्यापुढची एकशे नव्वद, शेवटची एकशे पंच्याऐंशी. सर म्हणाले, एका पट्टीने काही सिद्ध होत नाही, पण चार म्हणजे बोलायला हरकत नाही. मग त्यांनी लाल काट्याकडे बोट केलं. “काळा परत येतो. लाल आपण हाताने मागे घेईपर्यंत तिथंच राहतो.” भीमाअण्णा म्हणाले, “मग आज ऱ्हाऊ द्या की, साहेब. सोमवारी घेऊ मागं.” मी विचारलं, हे शिकायला कुठे जायचं? पैज नव्हती, भेळ नव्हती. सर म्हणाले, तंत्रनिकेतन. दहावीनंतर तीन वर्षं. जूनमध्ये अर्ज. मुली थोड्या असतात. वसतिगृहात राहावं लागेल. हात काळे होतील. त्यांनी भलामण केली नाही, भीतीही घातली नाही, जसं काही पट्टीचे आकडेच सांगताहेत. ती एकशे नव्वदची मोडकी पट्टी त्यांनी मला दिली.

घरी आले तर आई दारात घोंगडी झटकत होती, तीच. मी पट्टीचा तुकडा तिच्या हातात ठेवला. आईने तो उलटा केला, मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, डोळे मिटून. सपरात ताण्यावरून फिरायचा तसाच तिचा अंगठा. आणि मला माहीत होतं ती काय म्हणणार, तरी मी तिच्या अंगठ्याकडेच बघत होते.

“कशाची खळ हाय गं ही?” तिने विचारलं. “गुठळी न्हाय एक बी.”

“मी सांगितली करायला. तू शिकवल्यागत. कारखान्यातल्या सायबानं तशीच केली.”

“सायबानं?” तिचा अंगठा थांबला. “खळ? माजी?”

“तुझी. वहीत लिवलीया त्यानं.”

आई हसली नाही, रडली नाही. घोंगडी अर्धीच खांद्यावर टाकून, तुकडा मुठीत धरून उभी राहिली, आणि तिची मान मी कधी पाहिली नव्हती इतकी उंच झाली. तेवढ्यात एम-एटी थांबली. आप्पा चपला काढत दारातूनच, रोजच्यासारखे, दमलेले, प्रेमळ, “काय बाई, आज काय शिकवलंत?”

मी बघितले त्यांचे पाय. डेअरीत दिवसभर पाण्यात उभे राहून पांढरे पडलेले, सुरकुतलेले. ते पाय मला आयुष्यात पहिल्यांदा दिसले. तोवर मी त्या मास्तरांचेच बघत होते.

“शिकवलं न्हाय, आप्पा. मोडलं,” मी म्हणाले. “बसा, समदं सांगते. पण आदी एक ऐका. मी इंदापूरला जाणार न्हाय, डी.एड. करणार न्हाय. जूनमदी तंत्रनिकेतनला नाव घालणार हाय. माझं पाय कोरडं ऱ्हातील आप्पा, पण हात काळं हुणार. वस्तू मोडून बघायच्या, का मोडल्या ते शोधायचं, आन् त्याचा पगार घ्यायचा. ठरलंय माझं.”